अवस्था : सासूबाई

"तुमचा नंबर लागलेलाच नाही," डोळ्यांच्या इस्पितळातली खिडकीमागची बाई म्हणाली, आणि शंकासुराच्या सासूबाईंनी वळून जावयाकडे पाहिलं. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलेला, डाव्यातला पिकायला आलेला. म्हणजे जावई दिसत असेल तो धुक्यातल्या खांबासारखा. पण नजर अशी होती की खांबाच्या आरपार जावी.

"लावला होता," सासूबाई खिडकीला म्हणाल्या. "ॲपवरून लावला. नाव घातलं, वय घातलं, डोळा उजवा म्हणून घातलं. दोनदा लावला."

"शेवटचं 'नक्की करा' बटण दाबलं नसणार, आजी."

"कसलं बटण? बटण नव्हतंच तिथे."

"असतं, आजी. सगळ्यांना असतं. तुमचा फोन खराब असेल. चला, पुढचं कोण?"

एवढंच असतं तर शंकासुराने चारचौघांसारख्या मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असत्या आणि सासूबाईंना हाताला धरून घरी आणलं असतं. पण अडचण अशी की हे ॲप ज्या कंपनीने बनवलं, तिथेच तो नोकरीला होता. बरं, नोकरीला तरी कशासाठी? तर ॲपमधल्या चुका शोधण्यासाठी. कंपनीत ॲप लिहिणारे वेगळे आणि त्यात खोट काढणारे वेगळे. हा दुसऱ्या जातकुळीतला. शंका काढण्याचीच नोकरी, म्हणून ऑफिसने त्याचं नाव शंकासुर पाडलं होतं. त्याला ते आवडत नसे. पण आपल्याला आवडणारं टोपणनाव आजवर कोणाला मिळालंय?

घरी चपला काढता काढता बायकोने एकच प्रश्न विचारला.

"हे ॲप तूच तपासलंस ना?"

काही प्रश्न असे असतात की त्यांना बरोबर उत्तरच नसतं. 'हो' म्हणावं तर आपण गाढव, 'नाही' म्हणावं तर मग इतकी वर्षं ऑफिसात जाऊन करतोस काय. शंकासुर म्हणाला, "त्या पानाची तपासणी माझ्याकडे नव्हती." हे अक्षरशः खरं होतं. पण संसारात अक्षरशः खऱ्या गोष्टीला शुद्धलेखनाच्या दृष्टीने बिनचूक शिवीइतकीच किंमत असते.

सासूबाई मात्र आतल्या खोलीत जाऊन बसल्या आणि थोड्या वेळाने लेकीला म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल गं. दिसत नाही तर कशाला हात लावावा माणसाने."

हे वाक्य शंकासुराला लागलं. बायकोच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं. डोळ्यांच्या इस्पितळाचं ॲप, ते वापरणार तेच मुळी ज्यांना दिसत नाही ते, आणि वर त्यांनाच म्हणायचं की तुमचं चुकलं! हा कुठला न्याय? पायाच्या डॉक्टरने जिना चढता येणाऱ्यालाच तपासायचं, असं झालं हे.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्याने विषय काढला. ते ॲप ज्याने लिहिलं होतं त्याला ऑफिसात 'चालतंय' म्हणत. कुठलीही तक्रार आली की मान वर न करता तो म्हणे, "माझ्याकडे चालतंय." चालणारच! त्याचा फोन बाजारात आलेला सगळ्यात नवा, आणि त्याला चार्जर असा कायम लावलेला की जणू सलाईन. हा माणूस अग्निशामक दलात असता तर आग लागल्याचा फोन आल्यावर "माझ्याकडे नाही लागली" म्हणाला असता.

"माझ्याकडे चालतंय," चालतंय म्हणाला.

"तुझ्याकडे चालतंय, पण मोतीबिंदू तुला नाही, माझ्या सासूबाईंना आहे."

"हे बघा," साहेब मधे पडले. साहेबांना दोन माणसांच्या मधे पडायला फार आवडे; त्यात बसल्याजागी काम केल्यासारखं वाटतं. "लोकांचे फोन खराब असतात, त्याला आपण काय करणार? पुढच्या आठवड्यात इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई नवीन आवृत्ती बघायला येतायत. तोवर शंका नकोत."

"साहेब, मला शंकांसाठीच ठेवलंय."

"हो हो, पण वेळकाळ बघून."

मग शंकासुराने ठरवलं की एक खरोखरचा खराब फोन घ्यायचा आणि ॲप त्याच्यावर चालवून दाखवायचं. साधी गोष्ट. त्यासाठी तो खरेदी विभागात गेला. तिथले गृहस्थ टेबलावरच्या पंख्याची मान स्वतःकडे वळवून बसले होते.

"खराब फोन?" त्यांनी चष्मा काढला. "खराब वस्तू विकत घ्यायची आपल्याकडे सोय नाही. घ्यायची ती चालू स्थितीतली, गॅरंटीसकट."

"मग चांगला घेऊन खराब करतो."

"ते आमच्याकडे नाही. ते दुरुस्ती विभागाकडे."

"दुरुस्ती विभाग खराब करतो?"

"अनुभव तसा आहे," गृहस्थ गंभीरपणे म्हणाले. "तरीही हवाच असेल तर वेगवेगळ्या दुकानांतून दरपत्रकं आणा. आणि हो, आपण विकतोय तो फोन खराब आहे, असं प्रत्येक दुकानदाराने सहीनिशी लिहून द्यायचं."

आता जगाच्या पाठीवर असा दुकानदार असेल का? खराब माल विकणारे खंडीभर सापडतील, पण तसं लिहून देणारा एक सापडला तर त्याचा सत्कारच करावा लागेल. शंकासुर तिथून उठला तो कानशिलं तापवून.

तेव्हा त्याला एक जुना मार्ग आठवला. तपासणीच्या ॲपला एक सेटिंगची फाईल जोडता येते. त्यात साध्या ओळी लिहायच्या: बॅटरी इतकी, रेंज इतकी, आत जागा इतकी, अक्षरं एवढी. मग ॲप हातातल्या फोनचं ऐकत नाही, फाईलचं ऐकतं. फोन ठणठणीत असला तरी ॲपला वाटतं, आता घटकाभराचा सोबती. ऑफिसात अशा फाईली होत्याच, पण त्या लिहिणाऱ्याने आयुष्यात खराब फोन पाहिलाच नव्हता. 'कमी बॅटरी' म्हणजे त्याच्या मते निम्मी.

म्हणून शंकासुराने ठरवलं, फाईल लिहायची ती बघून. जिवंत माणसाच्या जिवंत फोनवरून.

सासूबाई फोन हातात द्यायला तयार नव्हत्या. "माझा फोन दुसऱ्याच्या हातात गेला की त्यातलं काहीतरी जातं," असं त्यांचं मत, आणि गेल्या वेळी जावयाने 'जरा साफ करून' दिलेल्या फोनमधून त्यांच्या धाकट्या बहिणीचा नंबर गेला होता, त्यामुळे मताला पुरावाही होता. शेवटी शंकासुर पेपर तोंडासमोर धरून, त्याच्या कडेने बघत बसू लागला. जे दिसलं त्याने तो थक्क झाला. अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी, त्यामुळे पडद्यावर एका वेळी मावत जेमतेम दोन-तीन शब्द. आत जागा शून्य, कारण रोज सकाळी येणारी शुभेच्छांची फुलं त्या कधीच पुसत नसत; "माणसं मनापासून पाठवतात, पुसायची कशी?" बॅटरी चाळीसवरून जी घसरे ती थेट तीनवर, मधले आकडे तिला ठाऊकच नव्हते. आणि रेंज घरात एकाच ठिकाणी यायची, ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. म्हणजे बाईंनी दोनदा नंबर लावला होता तो भांडी घासायच्या मोरीशेजारी उभं राहून, एका हाताने नळाचा आधार घेत.

ही कुणकुण इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ हवामान खात्यात होते, म्हणून त्यांना सगळे अंदाजकाका म्हणत. ते स्वतः वर आले.

"जिन्यात मधल्या वळणावर रेंज पूर्ण जाते. लिहून घ्या. आणि ढगाळ हवा असेल तर गच्चीवरसुद्धा."

"काका, ढगांचा आणि रेंजचा काही संबंध नाही."

"मी त्या खात्यात जन्म काढला. तुम्ही लिहा."

वरच्या मजल्यावरच्या काकू दुपारीच आल्या. "आमच्या ह्यांचा फोन इतका तापतो की रुमालाला इस्त्री होईल. ते घाला. आणि सूनबाई मी फोन केला की उचलतच नाही, तेही घाला."

"काकू, तो फोनचा दोष नाही."

"तुम्ही घाला तर खरं. बघू काय होतं."

सूनबाई सोडून शंकासुराने सगळं घातलं. ढगसुद्धा घातले, कोण वाद घालणार? फाईल पुरी झाल्यावर तिला नाव देण्याची वेळ आली. ऑफिसातल्या फाईलींना 'अवस्था एक', 'अवस्था दोन' अशी तुरुंगातल्या कैद्यांसारखी नावं होती. त्याने कुठलीही थट्टा मनात न आणता, शास्त्रीय अचूकपणे, नाव दिलं: सासूबाई.

आणि काय सांगावं! फाईल जोडून ॲप उघडलं मात्र, अक्षरं फुगली, मजकूर खाली सरकला, आणि 'नक्की करा' हे बटण पडद्याच्या खालच्या कडेखाली जे बुडालं ते वर आलंच नाही. पान खाली ओढताही येईना. बटण होतं, पण कोणाला दिसणार नाही आणि दाबता येणार नाही अशा जागी. सासूबाई निर्दोष होत्या! शंकासुराला खुर्चीतून उठून आरोळी ठोकावीशी वाटली. पण शेजारी हिशेबवाले बसत, म्हणून तो नुसताच उठून बसला.

त्याने रीतसर तक्रार नोंदवली. चालतंयचं उत्तर जेवणाच्या सुट्टीआधी आलं: "असा फोन अस्तित्वात नाही. तक्रार बंद."

अस्तित्वात नाही! सकाळीच त्या फोनने फुलांच्या आणखी दोन परड्या उतरवून घेतल्या होत्या. शंकासुर संतापाने लालबुंद झाला. त्याने साहेबांकडे दाद मागितली, तर साहेबांनी दाद न देता नियम दिला: कोणी कुठलीही फाईल केली तर ती सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली पाहिजे. त्याने ती मुकाट्याने तिथे ठेवली.

डॉक्टरीणबाई यायच्या होत्या त्याच्या आदल्या संध्याकाळी शंकासुर गॅलरीत कपडे काढत होता, तेव्हा चालतंयचा फोन आला. उद्या दाखवायची आवृत्ती तयार आहे, सामायिक फोल्डरमधलं सगळं एकगठ्ठा त्यात घातलंय, एवढं सांगून तो म्हणाला, "नावं काय वाचत बसायची?" शंकासुराच्या हातातला चिमटा खाली पडला. रेंज कमी, म्हणून तो ओरडून बोलू लागला.

"अरे, सासूबाईंना बाहेर काढ! आत्ताच्या आत्ता! ... नाही, उद्या साहेबांसमोर सासूबाई नकोत! ... अरे, त्या तापतात! मधेच बंद पडतात! आत जागा नाही, काही नवीन शिरत नाही! ... पुसून टाक म्हणतो ना मी! कायमच्या!"

"काढलं फोल्डरमधून," चालतंय म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

शंकासुराने वर पाहिलं. अंदाजकाका खालच्या गॅलरीतून, काकू वरच्या गॅलरीतून आणि बायको घराच्या दारातून त्याच्याकडे बघत होती. बायकोच्या मागे सासूबाई होत्या. त्यांच्या हातात पिशवी होती, आणि त्या तिच्यात साडी घडी करून ठेवत होत्या.

"आई, तुम्हाला नाही म्हणालो! ती फाईल आहे!"

"म्हणजे आईच्या नावाची फाईल केलीस?" बायको म्हणाली. "आणि त्यात तिचे दोष लिहिलेस?"

"दोष नाहीत गं. अवस्था आहेत."

"कुणाच्या अवस्था?"

पाय असा खोलात गेला की वर काढायला दोरी लागावी. काकू वरून म्हणाल्या, "सोन्यासारखी बाई आहे हो ती," आणि अंदाजकाकांनी नुसतं "च्च" केलं.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "वाचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जे लिहिलंय ते वाचा. मला दिसत असतं तर मीच वाचलं असतं. वाचा, जावईबापू."

शंकासुर लॅपटॉप घेऊन आला आणि गुन्हेगाराने कबुलीजबाब वाचावा तसा एकेक ओळ वाचू लागला. अक्षरं सर्वांत मोठी. जागा शिल्लक नाही. रेंज एक काडी, तीही येऊन-जाऊन. बॅटरी तीन टक्के. तिथे सासूबाईंनी हात वर केला.

"तीन नाही. तीनवर मी धाकटीशी मनसोक्त बोलते. एक लिहा."

"आई?"

"लिहायचं तर नीट लिहा. आणि फोन अधूनमधून आपोआप उजेड कमी करतो, तेही राहिलंय. तेव्हाच नंबर लावत होते मी." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ते बटण मला दिसलं नाही असं नाही. नव्हतंच?"

"नव्हतंच, आई. तुमचं काही चुकलं नव्हतं."

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, जो पुसून काही उपयोग नव्हता. "मग उद्या मी येते," त्या म्हणाल्या. "ती मोठी डॉक्टरीण येणार आहे ना? खिडकीतली बाई ऐकत नाही, तिला तरी विचारते."

नाही म्हणायची शंकासुराची त्या संध्याकाळी पत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत साहेब, चालतंय आणि डॉक्टरीणबाई पुढे बसले. डॉक्टरीणबाई उंच, कमी बोलणाऱ्या, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघताना तो मोतीबिंदूच शोधतायत असं वाटावं अशा. शंकासुराने सासूबाईंना मागच्या खुर्चीत बसवलं आणि 'पाहुण्या' एवढंच म्हणाला. साहेबांनी आपला फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला.

"आता बघा किती सोपं आहे," ते म्हणाले आणि त्यांनी ॲप उघडलं.

चालतंयने फाईल फोल्डरमधून काढली होती, यात खोटं काही नव्हतं. फक्त आवृत्ती आधीच बांधून झाली होती. पिठात खडा पडल्यावर डबा धुऊन ठेवावा, त्यातला प्रकार.

पडद्यावर कोपऱ्यात शब्द उमटले: 'अवस्था : सासूबाई'. मग अक्षरं फुगली. 'इस्पितळ' हा शब्द 'इस्पि' आणि 'तळ' अशा दोन मजल्यांवर राहायला गेला. एक चक्र फिरू लागलं आणि बराच वेळ फिरत राहिलं.

"जरा रेंज..." साहेब म्हणाले. त्यांच्या डोक्यावरच रेंजचं यंत्र लावलेलं होतं.

अखेर पान आलं. साहेबांनी घाम पुसत नाव घातलं, वय घातलं, डोळा उजवा घातला. आणि थांबले. त्यांनी पडद्याच्या तळाशी बोट दाबलं. मग आणखी खाली दाबलं. मग फोनच्या कडेवर दाबलं, जिथे नुसतं प्लॅस्टिक होतं.

"बटण कुठे आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे चालत होतं," चालतंय पुटपुटला.

मागून स्पष्ट आवाज आला. "अगं बाई! यांच्याकडेही बटण नाही! मी आपली माझ्याच डोळ्यांना दोष देत बसले."

सगळ्यांनी वळून पाहिलं. डॉक्टरीणबाई उठल्या, मागे आल्या, सासूबाईंच्या समोर वाकल्या आणि सवयीने त्यांनी आधी डोळेच बघितले.

"आपण कोण?"

"मी सासूबाई," सासूबाई म्हणाल्या आणि पडद्याकडे हात केला. "ही अवस्था माझीच."

मग त्यांनी सगळं सांगितलं: मोरी, नळ, खिडकीतली बाई, दोनदा लावलेला नंबर, फुकट गेलेली खेप. तक्रारीचा सूर नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्तच वाईट वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि साहेबांकडे वळल्या.

"माझे निम्मे पेशंट असेच आहेत. नंबर का चुकवतात म्हणून मी त्यांनाच रागावत होते. या बाईंना नंबर लावता येईपर्यंत हे ॲप बंद ठेवायचं. तोवर नंबर खिडकीवर लागतील." मग सासूबाईंना म्हणाल्या, "तुमचा डोळा मीच करणार."

शंकासुराचा ऊर भरून आला. आता साहेब आपल्याकडे वळतील, दोन शब्द बोलतील, निदान मान तरी हलवतील.

साहेब उभे राहिले. "मॅडम, आम्हाला नेमकं हेच दाखवायचं होतं," ते म्हणाले. "पेशंटच्या जागी उभं राहून बघायचं, ही आमच्या कंपनीची पद्धतच आहे. ही फाईल आवर्जून आवृत्तीत घातली ती याने." आणि त्यांनी चालतंयच्या खांद्यावर हात ठेवला. चालतंय नम्रपणे खाली बघू लागला. खाली बघायची त्याला सवय होतीच.

शंकासुराने तोंड उघडलं, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? आणि संध्याकाळी त्याला मिळाला तो ठपका: कचेरीच्या फाईलींना कौटुंबिक नात्यांची नावं देणं शिस्तीला धरून नाही, यापुढे असं होता कामा नये. फाईलीचं नाव बदलावं असंही ठरलं होतं; पण डॉक्टरीणबाईंनी इस्पितळातून विचारलं, "सासूबाई पास झाल्या का?" तेव्हा नाव तेच राहिलं. ठपकाही तसाच राहिला. एकाच नावासाठी नावाला मान आणि नाव ठेवणाऱ्याला समज, असा हा कारभार. घरी येऊन त्याने हे तावातावाने सांगितलं, तर बायको म्हणाली, "जाऊ दे रे, आईचं काम झालं ना?" कामं अशीच होतात. करणाऱ्याचं सोडून सगळ्यांचं होतं.

बटण दुरुस्त झालं. सासूबाईंनी मोरीशेजारी उभं राहून, एक टक्का बॅटरीवर, स्वतः नंबर लावला आणि 'नक्की करा' इतक्या जोरात दाबलं की फोन बंद पडला. पण नंबर लागला होता. डोळा उत्तम झाला. पट्टी निघाल्यावर त्यांनी लेकीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग जावयाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बारीक झालात हो." शंकासुराला एकदम भरून आलं, इतक्या दिवसांत त्याच्याकडे नीट पाहणारं हे पहिलंच माणूस.

मग त्यांनी ॲप उघडलं. पहिल्याच पानावर 'नोंदणी'तला 'णी' ऱ्हस्व. दुसऱ्या पानावर उजव्या डोळ्याच्या चित्राखाली 'डावा'. शंकासुराने त्या पानांवरून वर्षभर नजर फिरवली होती. त्याने निमूटपणे दोन्ही चुका नोंदवल्या आणि प्रामाणिकपणे शोधणाऱ्याचं नाव लिहिलं: सासूबाई.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी साहेबांचा फोन आला. साहेब सुट्टीच्या दिवशी, तेही स्वतःहून! शंकासुराने शर्टाची बटणं लावली, घसा साफ केला. अखेर जाग आली म्हणायची.

"बोला साहेब."

"अहो, नवीन आवृत्ती पाठवलीय. जरा बघून घ्यायची होती." साहेब क्षणभर घुटमळले. "घरात आहेत का त्या?"

शंकासुराने फोन आत नेऊन दिला आणि दारातच उभा राहिला. सासूबाईंनी फोन कानाला लावला, खुर्चीत नीट बसल्या, आणि मोठ्या गोडीने म्हणाल्या,

"हं, बोला साहेब. नाही नाही, मोकळीच आहे. जावई ना? आहेत ना, चहा टाकतायत."